देशातल्याच दहशतवादी संघटनांचा अभ्यास : खान्देशातून काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि वेशीवरच्या मालेगावात बसून या विषयावर प्रबंध, बातमी किंवा खटल्याची टिपणं करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. संघटना कुठून आली, तिला काय हवं आणि तिने काय केलं, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि तिन्हींचे कागदही वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. बहुतेकांची पहिली चूक हे तिन्ही एकत्र कालवण्यात होते.

‘देशांतर्गत दहशतवाद’ असं आपल्या कायद्यात काही आहे का?

नाही. बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम १९६७, म्हणजे यूएपीए, याच्या कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. देशातला आणि देशाबाहेरचा असा भेद ती करत नाही. हे कलम यायच्या आधीचे दहशतवादविरोधी कायदे, टाडा (१९८५ आणि १९८७चे, १९९५मध्ये मुदत संपलेले) आणि पोटा (२००२चा, २००४मध्ये रद्द) हेही तो करत नव्हते. अमेरिकेच्या कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण तशा संघटनांची यादी नाही. आपल्याकडे यादी आहे, व्याख्या नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकातली चौकट उचलून इथे बसवली की दोन्हीकडून उघडं पडायला होतं.

अभ्यासापुरती कामचलाऊ कसोटी अशी ठेवा : नेतृत्व, भरती, पैसा आणि लक्ष्य या चारपैकी किमान तीन देशातलेच हवेत. आणि ही कसोटी तुमची आहे, कायद्याची नाही, हे पहिल्याच प्रकरणात लिहून टाका.

१ जुलै २०२४पासून एक नवी भानगड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३मध्येही दहशतवादी कृत्य आलं. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. २०२४नंतरची मोजदाद करताना दोन्ही कायदे धरले नाहीत तर आकडा कमी येईल, आणि तुम्ही त्याला ‘घट’ म्हणून बसाल.

संघटनेवर बंदी आहे की नाही हे नक्की कसं पाहायचं?

‘बंदी’ या शब्दाखाली दोन वेगळे कप्पे आहेत. वर्तमानपत्रं ते सर्रास एक करतात.

पहिला कप्पा ‘बेकायदा संघटना’, कलम ३. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं, ३० दिवसांत प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवतं, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती साक्षीपुरावे पाहून सहा महिन्यांत ठरवतात. या बंदीला मुदत असते : पूर्वी दोन वर्षं, आता पाच. दुसरा कप्पा ‘दहशतवादी संघटना’, म्हणजे कायद्याची पहिली अनुसूची. इथे न्यायाधिकरण नाही आणि मुदतही नाही. नाव काढून घ्यायचं तर सरकारकडे अर्ज आणि पुढे पुनर्विलोकन समिती. २०१९च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत व्यक्तींचीही नावं घालता येतात.

पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया, म्हणजे पीएफआयवर २८ सप्टेंबर २०२२ला आलेली बंदी पहिल्या कप्प्यातली. भाकप (माओवादी) जून २००९पासून दुसऱ्या कप्प्यात. सिमी (स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया) दोन्हीकडे. सिमीवरची पहिली बंदी २७ सप्टेंबर २००१ची, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, शेवटची जानेवारी २०२४ची. मधे ऑगस्ट २००८मध्ये न्यायाधिकरणाने बंदी उठवली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ‘२००१पासून सलग बंदी’ असं लिहिणारे हा एक दिवस आणि सप्टेंबर २००५ ते फेब्रुवारी २००६ची खाच, दोन्ही गिळून टाकतात.

अभ्यासाला खरं सोनं न्यायाधिकरणाच्या अहवालात सापडतं. सरकारची बाजू, पोलीस अधिकाऱ्यांची शपथपत्रं, संघटनेच्या वकिलांची उलटतपासणी, सगळं एका जागी. हे अहवाल राजपत्रात छापले जातात आणि ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मात्र तिथे ‘सिमी’ असा शोध घेतला तर हाती फारसं लागणार नाही. गृह मंत्रालय, असाधारण राजपत्र आणि तारखांचा पट्टा असं निवडून शोधा.

विषय केवढा घ्यावा?

एक संघटना, एक दशक, एक-दोन जिल्हे. ‘महाराष्ट्रातील दहशतवाद : एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन आलेले तिसऱ्या वर्षीही प्रस्तावनाच लिहीत असतात.

जिल्ह्याच्या हद्दी आधी पक्क्या करा. जुना खान्देश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा दुभंगला. पूर्वचा जळगाव झाला, पश्चिमचा धुळे. नंदुरबार १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा निघाला. म्हणजे १९९५ सालच्या ‘धुळे’ आकड्यात अक्कलकुवा, धडगाव, शहादा सगळं आहे, २००५च्या आकड्यात नाही. मालेगाव बोलीने आणि सोयरिकीने आपलं, पण प्रशासनाने नाशिकचं : कागद नाशिक ग्रामीण पोलिसांकडे, धुळ्याला हेलपाटा मारून उपयोग नाही.

संघटनेचा उगम कसा लिहायचा? स्थापनेची तारीख पुरे नाही का?

तारीख हे फक्त दार आहे. आत चार गोष्टी शोधायच्या : मातृसंस्था कोणती, फूट किंवा विलीनीकरण कधी झालं, त्या वेळी कोणता वाद पेटलेला होता, आणि हिंसेकडे वळण नेमकं कोणत्या टप्प्यावर आलं. चौथी गोष्ट पहिलीहून बहुधा दहा-वीस वर्षांनी सापडते.

सिमी २५ एप्रिल १९७७ला अलीगढमध्ये निघाली, जमात-ए-इस्लामी हिंदची विद्यार्थी शाखा म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचं फाटलं आणि जमातने १९८२मध्ये एसआयओ ही वेगळी विद्यार्थी संघटना काढली. १९७७ची तारीख देऊन लगेच २००६च्या स्फोटांच्या बातमीवर उडी मारली, तर मधली तीस वर्षं कुणी काय केलं, हा अभ्यासाचा गाभाच गळतो. सदस्यत्वाला वयाची ३० वर्षांची अट होती हे घटनेतलं साधं कलम, पण त्याचा परिणाम मोठा : दर काही वर्षांनी आख्खी पिढी बाहेर पडणार. ‘माजी सदस्य’ हा शब्द आरोपपत्रात दिसला की तो कोणत्या वर्षी माजी झाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माओवाद्यांचं झाड वेगळ्या जातीचं. १९६७चं नक्षलबारी, १९८०मध्ये आंध्रातली पीपल्स वॉर, बिहारकडची माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर (एमसीसी), आणि २१ सप्टेंबर २००४ला दोघांचं विलीनीकरण होऊन भाकप (माओवादी). २००४च्या आधीच्या घटनेवर ‘माओवादी पक्षाने केलं’ असं लिहिणं म्हणजे नातवाच्या नावावर आजोबाचं कर्ज चढवणं. असं झाड कागदावर काढाच. प्रत्येक फांदीवर वर्ष, आणि वर्षाशेजारी ते कुठल्या कागदातून घेतलं ते.

नावाच्या सारखेपणाचाही सापळा असतो. सावरकरांची अभिनव भारत १९०४ची, नाशिकची, आणि १९५२मध्ये तिची रीतसर समाप्ती झाली. २००८च्या मालेगाव खटल्यात जी ‘अभिनव भारत’ येते ती वेगळी, शंभर वर्षांनंतरची. दोघींमध्ये सलग धागा आहे असं दाखवायचं तर कागद हवा. नावावरून वंशावळ काढणं हे भाटांचं काम.

उद्दिष्टं कशावरून ठरवायची?

तीन थर करा. अंतिम ध्येय म्हणजे राज्य उलथवणं, वेगळा देश, धर्मराज्य वगैरे. मधलं उद्दिष्ट म्हणजे एखाद्या पट्ट्यात सरकारी यंत्रणा चालू न देणं, एखाद्या समाजाला घाबरवणं, सरकारला अतिरेकी प्रतिक्रिया द्यायला लावणं. आणि रोजची गरज म्हणजे पैसा, माणसं, लपायला जागा. जाहीरनाम्यात पहिला थर असतो, आरोपपत्रात दुसरा, आणि तिसरा थर खंडणीच्या फिर्यादीत. गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या कंत्राटदारांकडून होणारी वसुली हे तिसऱ्या थराचं ठळक उदाहरण. ती क्रांतीच्या कलमात सापडणार नाही, हंगामाच्या महिन्यांत सापडेल.

संघटनेने स्वतः लिहिलेलं आणि पोलिसांनी ‘त्यांचं आहे’ म्हणून सांगितलेलं हे वेगळ्या खणात ठेवा. इंडियन मुजाहिदीन हे नाव लोकांसमोर आलं ते कुठल्या स्थापना अधिवेशनातून नव्हे, तर नोव्हेंबर २००७मधल्या उत्तर प्रदेशातल्या न्यायालयांच्या स्फोटांवेळी माध्यमांना आलेल्या ईमेलमधून. जून २०१०मध्ये तिच्यावर बंदी आली. अशा वेळी जबाबदारी घेणारं पत्र तपासायला चार प्रश्न : ते घटनेच्या आधी आलं की नंतर? बातमीत न आलेला तपशील त्यात आहे का? आधीच्या पत्रांशी भाषा, सही, खुणा जुळतात का? नंतर कुणी ते नाकारलं का? चारांपैकी दोनांचं उत्तर समाधानकारक नसेल तर ‘दावा’ हाच शब्द वापरा.

घटनांचा तक्ता कसा करावा?

एका ओळीत एक घटना. एकाच दिवशी एकाच गावात तीन ठिकाणी स्फोट झाले तर एक ओळ की तीन, हे पहिल्याच दिवशी ठरवा, नियम लिहून ठेवा आणि मोडू नका. रकाने निदान इतके : घटनेची तारीख, बातमीची तारीख (मुफस्सल आवृत्तीत एक-दोन दिवसांचा फरक पडतोच), गाव, तालुका, आजचा जिल्हा, तेव्हाचा जिल्हा, लक्ष्य, साधनाचा ढोबळ प्रकार, मृत (किमान), मृत (कमाल), जखमी, कुणी दावा केला, पोलिसांनी कुणाचं नाव घेतलं, न्यायालयाने काय ठरवलं, आणि ही ओळ शेवटची कधी तपासली. साधनाचा प्रकार ‘स्फोटक’, ‘बंदूक’, ‘जाळपोळ’ एवढाच पुरतो. ते कसं बनवलं याचा तपशील सामाजिक अभ्यासात काहीही भर घालत नाही, फक्त तुमच्या लॅपटॉपवर नको ते आणून ठेवतो.

मृतांचे दोन रकाने का? ८ सप्टेंबर २००६च्या मालेगाव स्फोटांचं घ्या. शुक्रवार, शब-ए-बरात, बडा कब्रस्तानचा परिसर. मृतांचा आकडा ३१, ३७, ४० असा वेगवेगळ्या ठिकाणी छापलेला मिळतो. पहिल्या रात्रीचा, नंतर रुग्णालयात दगावलेल्यांचा आणि तपास यंत्रणेचा हिशेब एक नसतो. एक आकडा ‘खरा’ म्हणून निवडण्यापेक्षा पट्टा द्या आणि कोणता आकडा कुठल्या तारखेच्या कागदात आहे ते लिहा.

दुसरं उदाहरण त्याच गावचं. २९ सप्टेंबर २००८, भिक्खू चौक : सहा मृत, आणि जखमी १०१ असं सरकार पक्षाचं म्हणणं. ३१ जुलै २०२५च्या निकालात न्यायालयाने जखमी ९५ धरले आणि काही वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार झाल्याचं नोंदवलं. सतरा वर्षं छापला गेलेला आकडा सुद्धा असा हलतो.

भूगोलाची गल्लतही नेहमीची. ‘औरंगाबाद शस्त्रसाठा’ खटला नावाने औरंगाबादचा, पण मे २००६मधला तो पाठलाग आणि जप्ती चांदवड-मनमाड रस्त्यावरची. खटल्याच्या नावावरून नकाशावर टिंब ठेवलं की ते शंभर किलोमीटरहून जास्त सरकतं.

आरोप, आरोपपत्र, निकाल : एवढं वेगळं ठेवायची खरंच गरज आहे?

या विषयात सगळ्यात जास्त प्रबंध इथेच आपटतात, म्हणून जरा लांबण लावतो.

मालेगाव २००६च्या तपासात एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, नऊ स्थानिक मुस्लिम तरुण पकडले, सिमीचं नाव आलं, मकोका (राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला. प्रकरण सीबीआयकडे गेलं, मग एनआयएकडे (राष्ट्रीय तपास संस्था). एनआयएने २०१३मध्ये पूर्णपणे वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र दाखल केलं, हिंदुत्ववादी गटाशी जोडलेल्या. एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने पहिल्या नऊ जणांना सोडलं. त्यातला एक तोवर वारला होता. एकाच घटनेवर दोन तपास, दोन विरुद्ध विचारसरणीच्या संघटना, आणि दोन्ही ‘अधिकृत’. २००७मध्ये कुणी सिमीच्या ‘कारवायां’च्या यादीत ही घटना टाकली असेल तर ती यादी आजही कुठे कुठे उद्धृत होते आहे.

मालेगाव २००८मध्ये सात जणांवर खटला चालला. ३२३ सरकारी साक्षीदार, त्यातले ३०हून अधिक फितूर, आणि ३१ जुलै २०२५ला सातही निर्दोष सुटले. त्याच महिन्यात, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल स्फोट खटल्यात २०१५ साली दोषी ठरलेल्या बाराही जणांना सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावलं नाही. या एका ओळीत तीन वेगळ्या कायदेशीर स्थिती आहेत. ‘निर्दोष’ एवढंच लिहून भागत नाही आणि ‘स्थगिती’ एवढंच लिहिलं तर खोटं होतं.

शब्दही जपून. खटला चालण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून सोडणं, म्हणजे डिस्चार्ज, आणि पुरावा ऐकून झाल्यावर निर्दोष मुक्तता, या वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी बातम्या दोन्हीला ‘निर्दोष’ म्हणतात. मालेगाव २००६वाल्यांचं पहिलं आहे, मालेगाव २००८वाल्यांचं दुसरं.

तक्त्यात म्हणून पाच पायऱ्या ठेवा : संशय, अटक, आरोपपत्र, खालच्या न्यायालयाचा निकाल, वरच्या न्यायालयाची स्थिती. संघटनेच्या नावासमोर घटना मांडताना ती कितव्या पायरीवर आहे ते लिहा. सगळे सुटले तर घटना तक्त्यातून काढायची नाही. माणसं मेली आहेत, कर्ता अनिश्चित आहे. ‘कर्ता : सिद्ध नाही’ हा पूर्ण शास्त्रीय निष्कर्ष आहे, अर्धवट काम नव्हे.

कबुलीजबाब वापरता येतो का?

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब साधारण कायद्यात पुरावा धरला जात नाही. टाडा, पोटा आणि मकोका (१९९९) यांनी अपवाद केला : ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य. यूएपीएत असा अपवाद नाही. म्हणून कुठलाही जबाब वाचताना आधी पाहा, तो कुठल्या कायद्याखालचा, कोठडीच्या कितव्या दिवशीचा, नंतर मागे घेतला का. संघटनेची रचना, शपथविधी, ‘हँडलर’ वगैरे रसाळ तपशील बहुतेक वेळा अशाच जबाबांतून येतात आणि एकाच जबाबातले शब्द दुसऱ्यात जसेच्या तसे दिसले तर तीही एक माहितीच आहे.

कागद मिळवायचे कुठून?

निकाल सगळ्यात सोपे. ई-कोर्ट्सवर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याचा प्रवास दिसतो. क्रमांक नसेल तर आरोपीच्या नावाने शोध, पण रोमन स्पेलिंग चार प्रकारे करून पाहा. एनआयएचे आणि मकोकाचे खटले बहुधा मुंबईच्या विशेष न्यायालयात चालतात, तेव्हा गुन्हा मालेगावचा असला तरी जिल्हा न्यायालयात शोधत बसू नका.

एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६चा आदेश आहे, पण दहशतवादाचे गुन्हे त्याला अपवाद. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे जानेवारी २०२३मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं. मग उरतो नकलेचा अर्ज. तिऱ्हाईत म्हणून अर्ज करताना कारण लिहावं लागतं. ‘संशोधनासाठी’ एवढ्या एका शब्दावर अर्ज परत येतो. विद्यापीठाचं पत्र, मार्गदर्शकाची सही आणि नेमका कोणता दस्त हवा (निशाणी क्रमांकासह) हे दिलंत तर काम होण्याची शक्यता वाढते. निकाल लागलेल्या खटल्यात हे सोपं, चालू खटल्यात जवळजवळ अशक्य.

संसदेतली प्रश्नोत्तरं लोक विसरतात. गृह मंत्रालयाची लेखी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर वर्षवार आहेत, आणि सरकारने तारखेनिशी दिलेला आकडा उद्धृत करायला त्याहून चांगली जागा नाही.

माहिती अधिकारात काय मागावं?

नावं, तपासाची दिशा, खबरे, पाळत यांतलं काहीही मागू नका. नकारासाठी कलम ८(१)(क), (छ), (ज) तयारच असतात. एनआयए आणि आयबी (गुप्तचर विभाग) माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग सोडले तर कायदाच त्यांना लागू नाही. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय मात्र आकडे देतं. मागणी अशी ठेवा : ‘१ जानेवारी २०१० ते ३१ डिसेंबर २०२०, यूएपीएखाली नोंद गुन्ह्यांची वर्षवार, पोलीस ठाणेवार संख्या, त्यांपैकी आरोपपत्र दाखल, निकाली, प्रलंबित.’ महाराष्ट्रात एक अर्ज, एक विषय, १५० शब्द. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी अर्ज करणाऱ्याला उत्तर पदवीनंतर मिळतं.

एनसीआरबीचा आणि आंतरराष्ट्रीय डेटाबेसचा आकडा जुळत नाही. कोण चुकतंय?

बहुधा कुणीच नाही. एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) गुन्हे मोजतो, घटना नाही, आणि एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर सगळ्यात जड कलमाखाली एकदाच. मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवाद डेटाबेस १९७०पासूनच्या घटना मोजतो, तोही मुख्यतः माध्यमांच्या बातम्यांवरून. त्यात १९९३चं वर्ष गहाळ आहे, आणि मुंबईचे मार्चमधले स्फोट त्याच वर्षीचे. आलेख काढताना ही खाच दिसली नाही तर शून्य समजून बसाल. दिल्लीहून चालणारं साउथ एशिया टेररिझम पोर्टल नक्षल पट्ट्यासाठी उपयोगी, पण तेही बातम्यांवरच उभं आहे. इंग्रजी बातमी न झालेली धडगावची घटना या दोन्हीकडे नसेल.

स्थानिक वर्तमानपत्रं कशी वाचावीत?

ई-पेपरवर जुनी जिल्हा आवृत्ती सापडेलच असं नाही. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय इथे आधी जाऊन कोणत्या वर्षांच्या फायली बांधलेल्या आहेत ते विचारा आणि मगच कालखंड ठरवा. उलट क्रमाने केलं की नेमकं हवं ते वर्ष वाळवीने खाल्लेलं निघतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशीची बातमी आणि महिन्याभरानंतरची बातमी, दोन्ही टिपा. पहिल्यात आकडे चुकीचे पण प्रत्यक्ष पाहणारे असतात. दुसरीत आकडे बरोबर पण सगळं ‘सूत्रांनी सांगितलं’.

मालेगावसाठी उर्दू वर्तमानपत्रं न वाचता काम करू नका. स्वतःला उर्दू येत नसेल तर वाचून घ्या, त्यासाठी पैसे मोजा. जुन्या इंग्रजी नोंदींत धुळे ‘धुलिया’ आहे आणि कंपनी काळात खान्देशची स्पेलिंगं भलतीच. शोधताना सगळी घाला.

इंग्रजांच्या काळातली बंडं या अभ्यासात धरायची का?

धरा, पण शब्दांचा अभ्यास म्हणून. सातपुड्यातल्या भिल्लांचा उठाव, १८२५ची भिल्ल पलटण, ११ एप्रिल १८५८ची अंबापाणीची लढाई आणि खाज्या नाईक हे सगळं सरकारी दप्तरात बंड, लूट, दरोडा अशा शब्दांत आहे. १४ एप्रिल १९४४ला शिंदखेड्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला, साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम. पोलिसांच्या लेखी तो दरोडा, गावाच्या लेखी स्वातंत्र्यलढा, आणि पैसा गेला साताऱ्याच्या प्रतिसरकारकडे. कृत्य तेच, दोन दप्तरं. खान्देश गॅझेटिअर (१८८०) आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ या दोन ठिकाणी सुरुवात करा. नागरिकांना मारून दहशत बसवणं आणि सरकारी खजिना लुटणं यांत फरक कुठे करायचा, ही रेघ तुम्ही स्वतः ओढायची, आणि ती १९४४ला एक आणि २००८ला दुसरी अशी चालणार नाही.

नंदुरबारच्या आदिवासी चळवळींना काही जण ‘नक्षली’ म्हणतात. त्यांचं काय करायचं?

शहाद्याची १९७२ची श्रमिक संघटना असो की नर्मदा बचाव आंदोलन, या उघड, नोंद असलेल्या, मोर्चे-धरणं-न्यायालय या मार्गाच्या चळवळी आहेत. महाराष्ट्रातला माओवादी पट्टा गडचिरोली-गोंदियाचा. एखाद्या नेत्याने भाषणात वापरलेलं विशेषण हा वर्गीकरणाचा आधार होऊ शकत नाही. जुलै २०२५मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केल्यापासून अशा शिक्क्याला वजन आलं आहे, म्हणून तुमच्या प्रबंधातला एक बेसावध शब्द उद्या कुणाच्या तरी फाइलला लागू शकतो.

चोपडा-शिरपूर सीमेवर पकडले जाणारे गावठी कट्टे? शस्त्रास्त्र कायद्याचा विषय. संघटना, राजकीय हेतू आणि लोकांवर दहशत यांतलं काही नसेल तर तक्त्यात घेऊ नका.

मुलाखती कुणाच्या आणि कशा?

वकील, निवृत्त अधिकारी, पत्रकार, जखमी आणि मृतांचे घरचे, सुटून आलेले, याच क्रमाने जा. सुटून आलेल्याच्या दारात पहिल्याच दिवशी उभं राहणं म्हणजे त्या घराला पुन्हा चौकशी लावल्यासारखं आहे. वकिलामार्फत निरोप द्या, नाही म्हणाले तर विषय संपला. तुरुंगातल्या मुलाखतीला तुरुंग प्रशासनाची लेखी परवानगी लागते. ती मिळेल असं धरून प्रबंधाचा आराखडा बांधू नका.

अहिराणीतल्या मुलाखती लगेच प्रमाण मराठीत उतरवू नका. ‘त्याले धरी लई ग्यात’ या वाक्यात कोणी नेलं ते नाही. गणवेशातले, साध्या वेशातले की गावातलेच? ‘पोलिसांनी अटक केली’ असं भाषांतर झालं की कर्ताही ठरला आणि कायदेशीर स्थितीही. ताब्यात घेतल्याची रात्र आणि अटक दाखवल्याची तारीख यांतलं अंतर हा खटल्यांत वादाचा मुद्दा असतो, आणि तो अशा भाषांतरात मरतो. मूळ वाक्य, खाली अर्थ, असं लिहा. बोलणाऱ्याला तिथेच विचारा, ‘कोन लई ग्ये?’

कुणी चालू, न उघडकीला आलेल्या गुन्ह्याबद्दल बोलू लागलं तर तिथेच थांबवा. संशोधकाला वकिलासारखं गोपनीयतेचं संरक्षण नाही. हे मुलाखतीच्या आधी, संमतीपत्रावर सही घेताना, तोंडी सांगायचं.

बंदी असलेल्या संघटनेचं साहित्य जवळ ठेवलं तर गुन्हा होतो का?

२८ जुलै २०२३च्या एल्गार परिषद खटल्यातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामीन आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिंसेचा प्रचार करणारं साहित्य नुसतं जवळ असणं हा आपोआप यूएपीएच्या चौथ्या आणि सहाव्या प्रकरणाखालचा गुन्हा होत नाही. पण हे वाक्य ऐकायला त्यांना जवळपास पाच वर्षं तुरुंगात काढावी लागली, हेही लक्षात घ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच न्यायालयाने, बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा ठरू शकतं, असा निर्णय दिला होता. यादीत नाव, वर्गणी, बैठकीची हजेरी यांपासून चार हात दूर.

व्यवहारात असं करा. मूळ पत्रकाऐवजी न्यायाधिकरणाच्या किंवा न्यायालयाच्या निकालात उद्धृत झालेला मजकूर वापरा. तो सुरक्षित आहे आणि उद्धृतही करता येतो. मूळ लागलंच तर विद्यापीठाच्या संगणकावर, मार्गदर्शकाच्या लेखी पत्रानंतर. कधी, कुठून, कशासाठी पाहिलं याची तारीखवार वही ठेवा. व्हॉट्सॲपवर कुणालाही, मित्रालाही, पुढे पाठवू नका. जवळ असणं आणि पसरवणं यांत कायदा मोठा फरक करतो. स्फोटकं-हत्यारांची पुस्तिका कुठे दिसली तर उतरवून घ्यायची नाही.

टेलिग्रामवरच्या बंद गटात खोट्या नावाने शिरावं का?

नाही. पुरावा म्हणून टिकत नाही, नीतिसमिती मान्य करत नाही, आणि पलीकडे कोण बसलंय हे तुम्हाला कळत नाही. उघड मजकुराची प्रत घेताना पूर्ण पान, तारीख-वेळ आणि फाइलचा हॅश (एसएचए-२५६, फाइल नंतर बदलली का ते ओळखायचा अंकी ठसा) नोंदवा.

दोघांनी मिळून नोंदी केल्या तर एकमेकांशी जुळवायच्या कशा?

दहा टक्के ओळी दोघांनी स्वतंत्रपणे भराव्यात आणि कोहेनचा ‘कॅपा’ (दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढावा. ०.७च्या खाली आला तर माणसं नव्हे, नियम बदला. ‘लक्ष्य’ आणि ‘कर्ता’ या दोन रकान्यांतच बहुतेक मतभेद निघतात.

नावं द्यावीत का?

उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांची द्या. सुटलेल्यांना ‘आरोपी क्र. ३’ म्हणा, गाव-गल्ली-धंदा गाळा. मालेगावसारख्या गावात ‘यंत्रमाग कामगार, अमुक मशिदीजवळ’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. अल्पवयीन आणि साक्षीदार यांची नावं निकालात छापली असली तरी तुम्ही छापू नका.

प्रबंध सादर केल्यावर निकाल बदलला तर?

मुखपृष्ठामागच्या पानावर ‘न्यायालयीन स्थिती अमुक तारखेपर्यंतची’ अशी ओळ घाला आणि तक्त्याचा शेवटचा रकाना त्या तारखेला एकदा सगळा तपासून भरा. शंभर ओळी असतील तर सीएनआर टाकून बघायला दोन दिवस लागतात. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते पुन्हा करा, आणि बदललेल्या ओळींची एक पानाची दुरुस्ती-यादी छापून बरोबर न्या.